दोन वेगळ्या जीपीएस युनिट्समध्ये एकच फ्लाइट प्लॅन ठेवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लहान विमानाच्या पॅनेलवर दोन जीपीएस युनिट्स आहेत. एक जुन्या पिढीचे, दुसरे नंतर बसवलेले टचस्क्रीनचे. फ्लाइट प्लॅन टॅबलेटवर तयार होतो, तेथून नव्या युनिटमध्ये जातो आणि नव्यातून जुन्यात जावा अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात मात्र कधी एखादा वेपॉइंट (मार्गावरचा नाव दिलेला बिंदू) गळतो, कधी दोन पडद्यांवरचे एकूण अंतर जुळत नाही, कधी अ‍ॅप्रोच (धावपट्टीवर उतरण्याची आखलेली प्रक्रिया) एकाच बाजूला दिसतो, आणि कधी दुसऱ्या बाजूला काहीच पोहोचत नाही. दोष कोठे शोधावा आणि उड्डाणात कोणती पद्धत ठेवावी, असे विचारले आहे.

या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी माझ्या मते एकच गैरसमज आहे. एका युनिटमधून दुसऱ्यात विमानाचा मार्ग जातो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तारेवरून जातात ती मुख्यतः वेपॉइंट्सची नावे, त्यांचे प्रकार, त्यांचे अक्षांश-रेखांश आणि त्यांचा क्रम. या सामग्रीवरून उडण्याजोगी रेषा प्रत्येक युनिट स्वतःच्या डेटाबेसच्या आणि स्वतःच्या सॉफ्टवेअरच्या आधाराने नव्याने आखते. डेटाबेस आणि सॉफ्टवेअर दोन्ही तंतोतंत सारखे असतील तेव्हा दोन रेषा एकमेकींवर बसतात; त्यांत फरक असेल तर नावे जुळूनही रेषा वेगळ्या होऊ शकतात. म्हणून प्लॅन पाठवला गेला ही एक गोष्ट आणि दोन्ही युनिट्स तोच मार्ग उडवतील ही दुसरी गोष्ट, असे प्रथम मनात वेगळे करावे.

आधी आपल्या विमानात नेमकी कोणती जोडणी आहे ते पाहावे, कारण वरवर सारख्या दिसणाऱ्या तीन व्यवस्थांची येथे नेहमी गल्लत होते. पहिली व्यवस्था केवळ दर्शनाची. मुख्य जीपीएस आपला प्लॅन मल्टिफंक्शन डिस्प्लेला सतत सांगत राहतो आणि डिस्प्ले तो काढून दाखवतो. जुन्या युनिट्समध्ये हे काम आरएस-२३२ या सिरियल जोडणीवरून ९६०० बॉड या वेगाने होत आले आहे, तर अधिक औपचारिक मार्ग एरिंक ४२९ या बसचा आहे. एरिंक ४२९ मध्ये एकच प्रेषक असतो, त्याला जास्तीत जास्त वीस ग्राहक जोडता येतात, शब्द ३२ बिटांचा असतो आणि वेग १२.५ किंवा १०० किलोबिट प्रतिसेकंद असतो. या बसवर एका वेपॉइंटचे नाव तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांत जाते, अक्षांश एका शब्दात आणि रेखांश दुसऱ्या शब्दात जातो, आणि शेवटी तपासणीची बेरीज जाते. बस एकदिशी असल्यामुळे डिस्प्लेवर प्लॅन दिसला तरी तो डिस्प्लेकडे साठवलेला नसतो. जीपीएस बंद पडला की तोही नाहीसा होतो. याला सिंक म्हणू नये.

दुसरी व्यवस्था नकलेची. वैमानिक बटण दाबतो आणि त्या क्षणीचा प्लॅन दुसरीकडे उमटतो. त्यानंतर पहिल्यात केलेले बदल दुसऱ्याला कळत नाहीत. तिसरी व्यवस्था खऱ्या क्रॉसफिलची, जिच्यात एका बाजूला केलेला प्रत्येक बदल आपोआप दुसऱ्या बाजूला जातो. गार्मिनच्या जीएनएस ४३० आणि ५३० या मालिकेत दुसरी आणि तिसरी, अशा दोन्ही पद्धती मेनूतून निवडता येतात: मॅन्युअल ठेवले तर काय पाठवायचे आणि कोणत्या दिशेने पाठवायचे हे आपण दर वेळी सांगतो, ऑटो ठेवले तर सक्रिय प्लॅन किंवा डायरेक्ट-टूची (एखाद्या बिंदूकडे सरळ जाण्याच्या आज्ञेची) निवड आपोआप दुसऱ्या युनिटकडे जाते. यातला सोयीचा आणि बऱ्याच वैमानिकांना ठाऊक नसलेला भाग असा की एक युनिट ऑटोवर आणि दुसरे मॅन्युअलवर ठेवता येते. मग पहिल्यातले बदल दुसऱ्यात जातात, पण दुसऱ्यात केलेली चाचपणी पहिल्याला धक्का लावत नाही. या मांडणीकडे मी पुढे पुन्हा येईन, कारण एकट्याने उडणाऱ्या वैमानिकासाठी ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

एकाच कुटुंबातील दोन युनिट्स असतील तर निर्मात्याने हे सगळे गृहीत धरून रचना केलेली असते. कुटुंब बदलले की मर्यादा उघड्या पडतात, आणि त्यातली सर्वांत साधी मर्यादा जागेची. जीएनएस मालिकेत एका प्लॅनमध्ये ३१ वेपॉइंट बसतात आणि सक्रिय प्लॅन धरून एकूण २० प्लॅन साठवता येतात. गार्मिनच्याच नंतरच्या टचस्क्रीन जीटीएन ६५० आणि ७५० मध्ये एका प्लॅनला १०० वेपॉइंटची जागा आहे आणि ९९ प्लॅन साठवता येतात. एअरवेंनी (ठरलेल्या बिंदूंमधून जाणाऱ्या, नाव दिलेल्या हवाई मार्गांनी) भरलेला लांबचा प्लॅन मोठ्या युनिटमध्ये चार ओळींचा दिसतो, कारण तेथे एअरवे हे एक स्वतंत्र एकक म्हणून ठेवलेले असते आणि मधले बिंदू दुमडलेले असतात. तोच प्लॅन एअरवेची संकल्पना नसलेल्या युनिटकडे जाताना प्रत्येक एअरवे उलगडून त्यातला प्रत्येक बिंदू वेगळा लिहावा लागतो, आणि ३१ ची मर्यादा अनपेक्षितपणे ओलांडली जाते. आपल्या तक्रारीतील गळालेला वेपॉइंट लांब प्लॅनच्या शेवटाकडचा असेल तर प्रथम हेच तपासावे. उलट दिशेने प्लॅन परत आणला तर उलगडलेला एअरवे पुन्हा दुमडला जात नाही; बिंदूंची लांबलचक यादी तेवढी उरते आणि नियंत्रकाने एअरवे बदलून दिला की ती हाताने दुरुस्त करावी लागते.

वेगवेगळ्या निर्मात्यांच्या युनिट्समध्ये थेट दुहेरी सिंक हा अपवाद समजावा. एकाच निर्मात्याच्या दोन पिढ्यांमध्ये ते काही जोड्यांसाठी मिळते, पण दिशा, किमान सॉफ्टवेअर आवृत्ती आणि पाठवल्या जाणाऱ्या गोष्टी यांवर अटी असतात. या अटी आपल्या विमानाच्या फ्लाइट मॅन्युअलला जोडलेल्या पुरवणीत लिहिलेल्या असतात. माहितीपत्रकात किंवा दुसऱ्याच्या विमानात जे दिसले त्यावर विसंबू नये, कारण तेच मॉडेल वेगळ्या कॉन्फिगरेशनने बसवलेले असू शकते.

आता डेटाबेसकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तेथे आहे. नेव्हिगेशन डेटाबेस एआयआरएसी या, हवाई माहिती ठरावीक तारखांना बदलण्याच्या, चक्राप्रमाणे दर २८ दिवसांनी बदलतो. दोन युनिट्सपैकी एकाचे कार्ड नवे आणि दुसऱ्याचे जुने राहिले की दोघांचे जग वेगळे होते: बिंदू हललेला असतो, नाव रद्द झालेले असते, प्रक्रिया नव्या क्रमांकाने प्रसिद्ध झालेली असते. जबाबदारीने बनवलेली युनिट्स अशा वेळी तफावत जाहीर करतात आणि क्रॉसफिल स्वतःहून बंद करतात. वैमानिकाला ती अडवणूक वाटते, पण तसे न करणे अधिक धोक्याचे ठरले असते. त्यामुळे ‘काल चालत होते, आज चालत नाही’ अशी तक्रार आली की चक्र बदलले का, आणि बदलले असेल तर दोन्ही बाजूंना बदलले का, हा माझा पहिला प्रश्न असतो. टॅबलेटचा डेटाबेस हा तिसरा, हे येथे विसरू नये. पॅनेलवरची दोन युनिट्स एकाच चक्रावर असली तरी टॅबलेट मागच्या चक्रावर असेल तर प्लॅन जन्मापासूनच जुना असतो.

सारख्या तारखेच्या डेटाबेसमध्येही एकच नाव अनेक ठिकाणी असू शकते. पाच अक्षरी बिंदूंची नावे जगभर अद्वितीय असावीत अशी व्यवस्था आहे, पण एनडीबी आणि व्हीओआर या जमिनीवरील रेडिओ बीकनची एक, दोन किंवा तीन अक्षरी ओळखचिन्हे वारंवार पुन्हा वापरलेली आहेत. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातील काली येथे उतरण्याच्या तयारीत असलेले अमेरिकन एअरलाइन्सचे ९६५ क्रमांकाचे बोइंग ७५७ डोंगरावर आदळले आणि १५९ जणांचा मृत्यू झाला. वैमानिकांना जायचे होते रोझो या बीकनकडे, आणि नकाशावर त्याची खूण ‘आर’ अशी होती. संगणकात ‘आर’ टाकल्यावर निवडला गेला तो बोगोटाजवळचा रोमिओ बीकन, सुमारे १३० सागरी मैल दूरचा. रोझो त्या डेटाबेसमध्ये पूर्ण नावाने ठेवलेला होता. विमान पूर्वेकडे डोंगररांगांच्या दिशेने वळले. त्या अपघाताची कारणे अनेक होती, पण आपल्या विषयापुरता मुद्दा असा की नाव आणि ठिकाण यांचे नाते डेटाबेस ठरवतो, आणि दोन संगणक एकमेकांशी जुळलेले असणे अशा चुकीला मुळीच अडवत नाही. चुकीची निवड पक्की केली की ती दोन्ही बाजूंना तितक्याच निष्ठेने पोहोचते.

प्लॅन पाठवताना नावाबरोबर अक्षांश-रेखांश आणि प्रदेशाचा दोन अक्षरी संकेत गेला तर ग्राहक युनिट बरोबर बिंदू शोधू शकते. गार्मिनच्या डॉट एफपीएल प्रकारच्या फाइलमध्ये हे स्पष्ट दिसते: ती एक्सएमएल फाइल असून तिच्यात वेपॉइंट्सची सारणी वेगळी आणि मार्गाचा क्रम वेगळा असतो, आणि प्रत्येक बिंदूला नाव, प्रकार व देशसंकेत दिलेला असतो. एखाद्या प्रणालीने देशसंकेत रिकामा सोडला की ग्राहक युनिट स्वतःच्या नियमाने निवड करते किंवा तो बिंदू नाकारते. या फाइलीत एअरवे किंवा प्रक्रिया यांना जागा नसते, एवढेही लक्षात ठेवावे. गार्मिनच्या जी१००० या पॅनेलमध्ये कार्डवरून प्लॅन आणल्यावर अ‍ॅप्रोच का दिसत नाही, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे.

महासागरावरील उड्डाणांत नावांचा आणखी एक सापळा आहे. एरिंक ४२४ या डेटाबेस-मानकातील पद्धतीनुसार ४० अंश उत्तर, ५० अंश पश्चिम या पूर्ण अंशाच्या बिंदूला ‘४०५०एन’ असे पाच खुणांचे नाव मिळते, तर ४० अंश ३० मिनिटे उत्तर, ५० अंश पश्चिम या अर्ध्या अंशाच्या बिंदूला ‘एन४०५०’ असे नाव देता येते. दोन बिंदूंत अक्षांशाचे ३० सागरी मैल आहेत आणि पडद्यावर फरक दिसतो तो फक्त एका अक्षराच्या जागेचा. उत्तर अटलांटिकवर अर्ध्या अंशाच्या अंतराचे ट्रॅक वापरात आल्यावर हा घोळ गंभीर झाला, आणि अर्ध्या अंशाच्या बिंदूंसाठी ‘एच’ने सुरू होणारी नावे वापरावीत अशी शिफारस पुढे आली. अशा बिंदूंची नुसती नावे दोन युनिट्समध्ये ताडून पाहण्यात अर्थ नाही. बिंदू उघडून पूर्ण अक्षांश-रेखांश वाचले पाहिजेत.

वैमानिकाने स्वतः तयार केलेल्या वेपॉइंट्सची कथा वेगळी. त्यांचा डेटाबेसमध्ये पत्ताच नसल्यामुळे ते जसे पाठवले तसे उतरतात, पण ग्राहक युनिटमध्ये त्याच नावाचा जुना वेपॉइंट आधीच पडून असेल तर काय व्हावे हे निर्मात्यागणिक बदलते: कोठे नवा जुन्यावर लिहिला जातो, कोठे नाकारला जातो, कोठे नाव बदलून ठेवला जातो. म्हणून प्रत्येक उड्डाणात तेच ठरावीक नाव देण्याची सवय सोडावी आणि जुने वेपॉइंट अधूनमधून पुसून टाकावेत. आकडे हाताने टाकताना मिनिटांचे दशांश आणि सेकंद यांची अदलाबदल होणार नाही हेही पाहावे. ३०.५० मिनिटे म्हणजे ३० मिनिटे ३० सेकंद. ते ३० मिनिटे ५० सेकंद म्हणून टाकले गेले तर अक्षांशात सुमारे ६१७ मीटरची चूक होते. मोठ्या उंचीवर ती कोणाला दिसत नाही, पण हेलिपॅडच्या किंवा अरुंद दरीच्या संदर्भात ती लहान नाही.

अ‍ॅप्रोच एकाच बाजूला का दिसतो, याचे उत्तर प्रक्रियांच्या रचनेत आहे. एरिंक ४२४ मध्ये लेगचे, म्हणजे मार्गाच्या एकेका तुकड्याचे, २३ प्रकार आहेत. दोन बिंदूंमधली सरळ रेषा म्हणजे टीएफ, ठरलेल्या त्रिज्येचे वळण म्हणजे आरएफ, नियंत्रकाच्या पुढील सूचनेपर्यंत दिलेल्या हेडिंगवर (विमानाच्या नाकाच्या दिशेवर) राहणे म्हणजे व्हीएम, आणि असेच इतर. यातल्या अनेक लेगना शेवटचा ठरावीक बिंदूच नसतो: काही ठरलेल्या उंचीवर संपतात, काही वैमानिकाने संपवल्याशिवाय संपत नाहीत. प्लॅन पाठवण्याची जी पद्धत नाव आणि अक्षांश-रेखांश यांवर उभी आहे, तिला अशा लेगचे वर्णन करता येत नाही. शिवाय प्रत्येक युनिट सर्व प्रकार उडवू शकत नाही. जुनी युनिट्स हेडिंगचे व उंचीवर संपणारे लेग वगळतात, आणि आरएफ लेग असलेली प्रक्रिया काही युनिट्सच्या यादीतच येत नाही. म्हणून नीट रचलेल्या प्रणाली प्रक्रियेची भूमिती पाठवत नाहीत. त्या पाठवतात ती फक्त निवड, म्हणजे कोणता विमानतळ, कोणती प्रक्रिया आणि कोणता ट्रान्झिशन (प्रक्रियेत शिरण्याचा जोडमार्ग). दुसरे युनिट ती स्वतःच्या डेटाबेसमधून भरते. दोन्हींना ती निवड समजत नसेल तर प्रक्रिया गाळली जाते, आणि माझ्या मते तेच योग्य आहे.

सर्वांत वाईट पर्याय म्हणजे प्रक्रियेतले बिंदू सुटे करून साध्या वेपॉइंट्सच्या रूपाने पाठवणे. पडद्यावर आकृती जवळपास बरोबर दिसते, पण त्या प्लॅनला आपण अ‍ॅप्रोचवर आहोत हे माहीतच नसते. त्यामुळे सीडीआयची (मार्गापासून किती बाजूला आहोत हे दाखवणाऱ्या सुईची) संवेदनशीलता बदलत नाही, ग्लाइडपाथ (खाली उतरण्याची उभी रेषा) मिळत नाही, उंचीचे निर्बंध येत नाहीत आणि उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याच्या मिस्ड अ‍ॅप्रोचचा क्रम तयार होत नाही. आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९६१३ क्रमांकाच्या पीबीएन (कामगिरीवर आधारित नेव्हिगेशन) पुस्तिकेतील भूमिका याबाबत स्पष्ट आहे: टर्मिनल (विमानतळाभोवतीच्या) भागातील आरएनएव्ही आणि आरएनपी या बिंदूंवर आधारित प्रक्रिया चालू डेटाबेसमधून नावाने उचलावी, हाताने बिंदू टाकून रचू नये. त्यामुळे दुसऱ्या युनिटवर अ‍ॅप्रोच आला नाही तर तो तेथेच, त्याच युनिटच्या प्रक्रियांच्या पानावरून भरावा. अर्ध्या मिनिटाचे काम वाचवण्यासाठी दुसरी युक्ती शोधू नये.

काही फरक दोष नसतात आणि त्यांच्या मागे लागून वेळ दवडू नये. दोन युनिट्स एकाच लेगला १ अंशाने वेगळा चुंबकीय कोर्स दाखवत असतील तर बहुधा त्यांची चुंबकीय विचलनाची प्रारूपे वेगळ्या वर्षांची आहेत. जागतिक चुंबकीय प्रारूप दर पाच वर्षांनी नवे होते आणि जुन्या युनिटमध्ये ते आपोआप पोहोचतेच असे नाही. खरा मार्ग दोन्हींचा एकच असतो. तसेच टीएसओ-सी१२९ या जुन्या प्रमाणन-मानकाच्या प्रकारच्या युनिटमध्ये मार्गावर सीडीआयची पूर्ण मर्यादा ५ सागरी मैल असते, तर उपग्रहीय सुधारणा वापरणाऱ्या टीएसओ-सी१४६ प्रकारात ती २ मैल असते. विमान मार्गापासून १ मैल बाजूला असेल तर एकाची सुई एक-पंचमांश आणि दुसऱ्याची अर्धी सरकलेली दिसेल. दोन्ही सुया खरे सांगत असतात. वळणाआधी पुढच्या लेगवर जाण्याचा क्षणही एखाद्या सेकंदाने वेगळा असू शकतो, कारण प्रत्येक युनिट वळणाचा अंदाज स्वतःच्या स्थानावरून आणि वेगावरून बांधते.

या शेवटच्या गोष्टीला मात्र एक धारदार कडा आहे. सक्रिय लेग कोणता, हा प्लॅनचाच भाग आहे, आणि ऑटो क्रॉसफिलमध्ये तोही ओलांडून जातो. समजा ऑटोपायलट पहिल्या युनिटशी जोडलेला आहे आणि वैमानिक किंवा शेजारचा सहकारी दुसऱ्या युनिटवर ‘तेथे थेट गेलो तर किती अंतर होईल’ हे पाहण्यासाठी डायरेक्ट-टू दाबतो. दोन्ही बाजू ऑटोवर असतील तर तो डायरेक्ट-टू पहिल्या युनिटमध्ये जातो, तेथून रोल स्टिअरिंगची (वळण्यासाठी कलण्याची) आज्ञा ऑटोपायलटकडे जाते आणि विमान वळू लागते. कोणतेही उपकरण बिघडलेले नसते. म्हणूनच मी एकदिशी मांडणी सुचवतो: ऑटोपायलट ज्या युनिटशी जोडला आहे ते मुख्य आणि ऑटोवर, दुसरे मॅन्युअलवर, आणि सगळे बदल मुख्य युनिटमध्येच. दुसरे युनिट चाचपणीसाठी मोकळे राहते. चाचपणी झाली की मुख्य युनिटमधला प्लॅन पुन्हा तिकडे पाठवावा. युनिट्समध्ये अशी दिशा निवडण्याची सोय नसेल तर मोठा बदल करण्याआधी ऑटोपायलट हेडिंग मोडवर (दिलेली दिशा धरून ठेवणाऱ्या) घ्यावा, बदल दोन्ही पडद्यांवर उतरला का, सक्रिय वेपॉइंट आणि त्याचा कोर्स बरोबर आहे का हे पाहावे, आणि मगच पुन्हा प्लॅनमागे जाणारा नॅव्ह मोड लावावा.

याउलट बाजूनेही एक आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे: दोन्ही युनिट्स कायम जुळवलेली ठेवली तर दुसरे युनिट स्वतंत्र साक्षीदार राहत नाही. उपग्रह संकेत किंवा एखादे उपकरण बिघडले तर दुसरे उपयोगी पडते, पण प्लॅनमधली चूक दोन्हींत सारखीच असते. मोठ्या विमानांच्या रचनेत या गोष्टीचा विचार दिसतो. एअरबसमधील दोन फ्लाइट मॅनेजमेंट संगणक सामान्यतः ड्युअल मोडमध्ये माहिती जुळवत चालतात, पण त्यांच्या डेटाबेसमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये मेळ नसेल तर ते इंडिपेंडंट मोडमध्ये जातात आणि वैमानिकांना तसे कळवतात. मग प्रत्येक बदल दोन्ही बाजूंना वेगळा टाकावा लागतो. त्या विमानांत दोन वैमानिक असतात आणि प्लॅन कागदावरच्या गणिताशी लेगनिहाय ताडून पाहण्याची शिस्त असते. एकट्या वैमानिकाच्या लहान विमानात ती शिस्त दुसऱ्या माणसाऐवजी पद्धतीने आणावी लागते.

ताडून पाहणे म्हणजे नेमके काय, याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक वैमानिक फक्त एकूण अंतर पाहून समाधान मानतात. एकूण अंतर ही चांगली खूण आहे, पण ती समजतो तितकी तीक्ष्ण नाही. १०० सागरी मैलांच्या सरळ रेषेच्या मधोमध, रेषेपासून १० मैल बाजूला असलेला वेपॉइंट प्लॅनमधून गळाला, तर एकूण अंतर जेमतेम २ मैलांनी कमी होते. तीनशे मैलांच्या प्लॅनमध्ये २ मैलांचा फरक ‘वळणांमुळे असेल’ म्हणून सहज सोडून दिला जातो, आणि विमान मात्र एखाद्या निषिद्ध क्षेत्राच्या किंवा उंच डोंगराच्या बाजूने १० मैल आत जाणारे असते. म्हणून प्रत्येक लेगचे अंतर आणि कोर्स कागदावरच्या लेगशी ताडावा. अंतरात एक मैलाहून कमी आणि कोर्समध्ये एखाद्या अंशाचा फरक चालेल, त्याहून अधिक असेल तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. त्यानंतर बिंदूंची संख्या मोजावी आणि नकाशा इतका लहान करून पाहावा की संपूर्ण मार्ग एका नजरेत यावा. दुसऱ्या देशातला समान नावाचा बिंदू निवडला गेला असेल तर रेषा पडद्याबाहेर झेपावलेली लगेच दिसते.

ताडणी कशाशी करावी, हेही महत्त्वाचे आहे. दोन युनिट्स एकमेकांशी ताडणे पुरेसे नाही. दोन्ही युनिट्स त्या कागदाशी किंवा नकाशाशी ताडली पाहिजेत ज्याच्या आधारे मार्गाचा विचार आणि भूभागाची पाहणी झाली. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी अंटार्क्टिकातील माउंट एरेबसवर एअर न्यूझीलंडचे डीसी-१० आदळले आणि २५७ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा विमानातील नेव्हिगेशन प्रणालीने टाकलेल्या बिंदूंचे पालन केले होते. उड्डाणाआधी जमिनीवरील संगणकात शेवटच्या बिंदूचे रेखांश बदलले गेले होते, वैमानिकांना ते सांगितले गेले नव्हते, आणि त्यांच्या मनातला मार्ग आधीच्या माहितीवर बेतलेला होता. टॅबलेटवर कोणीतरी तयार करून ठेवलेला, किंवा मागच्या महिन्यात जतन केलेला प्लॅन उघडताना ही शक्यता नेहमी असते.

टॅबलेटच्या बाबतीत आणखी थोडे. ब्लूटूथच्या मार्गाने, उदाहरणार्थ फ्लाइट स्ट्रीम २१० किंवा ५१० यांसारख्या जोडणीतून, प्लॅन पॅनेलवर जातो तेव्हा तो थेट सक्रिय होत नाही; पॅनेलवर सूचना येते, वैमानिक तो पाहतो आणि स्वीकारतो. तो पाहण्याचा टप्पा बोट न थांबवता ओलांडू नये. पॅनेलच्या डेटाबेसमध्ये नसलेले बिंदू त्या वेळी कुलूपबंद किंवा रिकामे दिसतात, आणि तेथेच ते दुरुस्त करणे सर्वांत सोपे असते. उड्डाणात पॅनेलवर बदल झाला की टॅबलेट तो उचलेल किंवा उचलणार नाही, हे जोडणीवर आणि ॲपवर अवलंबून असते. टॅबलेटवरचा प्लॅन पुन्हा पाठवला तर पॅनेलवर नियंत्रकाच्या सूचनेनुसार केलेले बदल पुसले जातात. म्हणून विमान हवेत गेल्यावर टॅबलेटकडून पॅनेलकडे पाठवणे मी टाळतो. दिशा असलीच तर पॅनेलकडून टॅबलेटकडे. दोन युनिट्स वेगवेगळ्या निर्मात्यांची असतील आणि टॅबलेट दोघांशी बोलू शकत असेल, तर जमिनीवर तोच प्लॅन दोघांना स्वतंत्रपणे पाठवणे हा उत्तम मार्ग आहे. एकातून दुसऱ्यात नक्कल करण्यापेक्षा त्यात कमी गळते.

अ‍ॅप्रोच सुरू झाल्यावर क्रॉसफिलला हात लावू नये. फायनल अ‍ॅप्रोच फिक्सच्या (उतरण्याचा शेवटचा टप्पा जेथे सुरू होतो त्या बिंदूच्या) आत कोणताही प्लॅन पाठवणे, स्वीकारणे किंवा सक्रिय करणे म्हणजे सीडीआयची मर्यादा आणि ग्लाइडपाथ डळमळीत करण्याचा धोका ओढवून घेणे आहे. दोन्ही युनिट्सवर अ‍ॅप्रोच त्याआधीच भरलेला आणि ताडलेला असावा. प्रत्येक युनिटची व्हीएलओसी (जमिनीवरील रेडिओ संकेत) आणि जीपीएस यांतील निवड वेगळीच राहते, ती प्लॅनबरोबर जात नाही, हेही त्याच वेळी तपासावे.

राहिला शेवटचा प्रश्न, दुसऱ्या बाजूला काहीच न पोहोचण्याचा. हे काम हँगरमध्ये, बाहेरून वीज जोडून करावे आणि क्रम असा ठेवावा: आधी दोन्हींचे डेटाबेस-चक्र, मग दोन्हींची सॉफ्टवेअर आवृत्ती पुरवणीत लिहिलेल्या आवृत्तीशी, मग क्रॉसफिलची निवड दोन्ही बाजूंना चालू आहे का, आणि सर्वांत शेवटी इन्स्टॉलेशनची पाने. जीएनएस मालिकेच्या जोडीत सिरियल पोर्टच्या पानावर संबंधित चॅनल दोन्ही युनिट्सवर क्रॉसलिंक असा निवडलेला असावा लागतो. एखादे युनिट दुरुस्तीहून परत आले किंवा बदलून बसवले गेले की ही निवड मूळ स्थितीला गेलेली असू शकते. ही पाने वैमानिकाने स्वतः बदलू नयेत, ते परवानाधारक तंत्रज्ञाचे काम आहे. पण तंत्रज्ञाला नेमकी माहिती देता यावी म्हणून एक छोटा चाचणी प्लॅन जतन करून ठेवावा, ज्यात एक एअरवे, अनेक ठिकाणी वापरलेल्या ओळखचिन्हाचा एक एनडीबी, स्वतः तयार केलेला एक वेपॉइंट आणि शेवटी एक अ‍ॅप्रोच असेल. तो पहिल्यातून दुसऱ्यात आणि मग दुसऱ्यातून पहिल्यात पाठवावा आणि प्रत्येक वेळी काय उतरले ते लिहून ठेवावे. काही गोष्टी गळत असतील तर ती दोन युनिट्समधल्या क्षमतेच्या फरकाची मर्यादा आहे आणि ती पुरवणीत शोधावी. डेटाबेस, आवृत्ती आणि निवड बरोबर असूनही दोन्ही दिशांना काहीच जात नसेल तर कॉन्फिगरेशन पाहावे. आणि दोन्ही दिशांना चालायला हवे अशा जोडीत एका दिशेने सगळे जाते, दुसऱ्या दिशेने काहीच जात नाही, असे दिसले तर पहिला संशय त्या दिशेच्या प्रेषणाच्या एका तारेवर किंवा तिच्या कनेक्टरमधल्या पिनेवर घ्यावा.